सांडगे कोरड्यात धरायचे का?

काशी, मंगळवार, १० मे १९६६

ताई,

गेल्या पत्रात मी लिहिलं की नानांनी तुझे सांडगे बंडूला घातले आणि डबा रिकामा करून खिडकीत ठेवून दिला. त्यातलं निम्मं चूक आहे. डबा रिकामा होता हे खरं. पण तो आत्यानं केला होता. सांडगे आपल्या काचेच्या बरणीत भरून तिनं फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवले होते. काल सातूचं पीठ शोधताना बरणी हाताला लागली, पण पत्र तोवर तुला मिळालं असणार.

डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच. दुपारी शाळेतून परत येत होते. गल्लीच्या वळणावर आले तेव्हा नाना दारात वाकलेले दिसले. त्यांनी बंडूच्या पुढ्यात एक तळलेला सांडगा ठेवला, हात झटकले आणि आत गेले. बंडूनं शेपूट हलवत तो बराच वेळ चघळला, मग दोनदा शिंकला, कारण मिरची तू जरा सढळ घालतेस. मी आत आले, रिकामा डबा पाहिला, आणि एक गेला म्हणजे सगळे गेले असं धरून चालले. अमरकोश शिकवताना नाना मला सांगायचे, पाहिलेलं आणि ताडलेलं एका वाक्यात घालू नकोस. तेच मी केलं, आणि वर पाकिटाला डिंक लावून मोकळी झाले.

आत्याला विचारलं, ‘हे सांडगे इथे कसे?’

‘मग कुठे ठेवू? खिडकीत? भोसले घाटावरची सगळी माकडं जेवायला बोलावू?’

‘पण तूच म्हणालीस, हे घरात यायचे नाहीत.’

‘चुलीपाशी यायचे नाहीत म्हणाले. फडताळ म्हणजे चूल का गं?’

आता तू म्हणशील, मग बंडूला मिळाला तो तळला कुणी आणि कुठल्या चुलीवर. ते मी विचारलं. आत्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. तिला ऐकू चांगलं येतं.

ताई, त्या पत्रातली एक ओळ मनावर घेऊन बेत बदलू नकोस. मुगलसराय सोडून आसनसोलला बदलीवर जाण्याआधी वीणाला घेऊन एकदा घरी येईन असं तू लिहिलं होतंस. नानांनी नातीला अजून पाहिलेलं नाही. तू जातीबाहेर लग्न केलंस तेव्हा ते जीजाजींच्या तोंडावर म्हणाले होते की तुमच्याकडून कोरडा शिधा आला तर घेऊ, शिजवलेलं काही या घरात येणार नाही. तेव्हापासून तू तांदूळ, डाळ, गूळ असंच पाठवत आलीस, आणि त्यावर कुणी कधी बोललं नाही. सांडगे पहिल्यांदाच आले. ते कोरड्यात धरायचे की शिजवलेल्यात, हे इथे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. घोळ झाला तो एवढ्यामुळे. आई असती तर तिनं एका वाक्यात मिटवलं असतं.

बंडू बरा आहे. तू सांगितलंस तसे उरलेल्या पोळ्यांचे तुकडे छतावर जाळीखाली वाळवते. पण आता त्याला दात असे राहिले नाहीत, कोरडा तुकडा तोंडातून खाली पडतो आणि तो आपल्याकडे बघत बसतो. म्हणून मीठ घालायच्या आधी वरणाचं पाणी काढून ठेवते आणि त्यात तुकडे भिजवते. दूधवाला बंडूचा हा थाट बघून म्हणाला, ‘बंडुआ क त ठाठ हौ, बिटिया!’ सांडगा मात्र पुन्हा देऊ नये असं मला वाटतं. मीठ आणि मिरची त्याला बाधेल. तुला काय वाटतं ते कळव.

तुझी
विद्यु


काशी, सोमवार, १६ मे १९६६

ताई,

तुझं कार्ड आलं. ‘बंडूला आवडले हे वाचून आनंद झाला. यापुढे तसदी देणार नाही. बांधाबांध सुरू केली आहे, तिकडे येणं जमेलसं दिसत नाही.’

हे माझ्या दुरुस्तीच्या पत्राआधी लिहिलंस की नंतर? शिक्का इतका पुसट आहे की खिडकीत उजेडाला धरूनही तारीख लागत नाही. आधीचं असेल तर आता तुला खरं कळलेलं आहे. नंतरचं असेल तर मग तू माझ्यावर विश्वास ठेवलेला नाहीस, आणि त्यात तुझी चूक नाही.

कार्ड मला नानांनी आणून दिलं. कार्ड म्हणजे उघडंच असतं. त्यांनी वाचलं की नाही हे मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. त्या दिवशी दुपारी ते आडवे मात्र झाले नाहीत, पोथी घेऊन बसून राहिले. पान उलटत नव्हते. मी धीर करून जवळ गेले.

‘नाना, एक शंका आहे. डाळ भिजवली, वाटली, तीत कोहळा आणि मीठ घातलं, पण विस्तव लागला नाही. नुसती उन्हात वाळवली. ती कोरड्यात धरायची की शिजवलेल्यात?’

‘शाळेत कुणी विचारलं?’

‘नाही. असंच.’

‘असंच कुणी धर्मशास्त्र विचारत नाही. सांडगे म्हण की सरळ.’

मी सांडगे म्हटलं. तेवढ्यात आतून आत्या, ‘पाणी लागलं, मीठ लागलं, झालं ते अन्न! त्यात ऊन बिचारं काय करणार?’

‘प्रभावती, चौकातून पापड आणतेस ते कुणी लाटलेले असतात?’

‘ते दुकानातले.’

‘दुकानात काय सोवळं नेसून लाटतात?’

‘मला काय ठाऊक! दुकानदाराशी आपलं भांडण नाही.’

ती हे बोलून गेली आणि मग भांड्यांचा आवाज एकदम थांबला. मला वाटलं आता नाना उठून जातील. पण त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, आणि पोथीकडे बघत म्हणाले, ‘विस्तव ज्याच्या घरचा, अन्न त्याच्या घरचं. तोवर ते कोरडंच.’ मग मला म्हणाले, ‘झालं समाधान?’

मी हो म्हटलं, पण झालेलं नाही. त्यावर विचार करते आहे. या हिशेबानं तुझे सांडगे आपल्या कढईत तळले की ते आपलं अन्न, म्हणजे खायला हरकत नाही. पण मग तुझ्या चुलीवरचं ते तुझंच राहिलं, आणि ती हरकत आहे तिथेच आहे. हे तुझ्या बाजूनं बोलले की नाही, मला ठरवता येत नाही. शब्द जसे होते तसे लिहिले आहेत. तू मोठी आहेस, तू लावून बघ.

इथे भाजी महाग झाली आहे. वाळवलेल्या गवारीवर आणि मुगवड्यांवर चाललंय. आत्याला मुगवडीचा रस्सा आईसारखा साधत नाही. वड्या आधी परतून घ्यायच्या हे ती विसरते, मग त्या रश्श्यात फुटतात आणि ती म्हणते की पिठलं केलं होतं.

वीणाला उन्हाचा त्रास होत नाही ना? जीजाजींना नमस्कार.

विद्यु


काशी, रविवार, २२ मे १९६६

ताई,

मला पुन्हा दुरुस्ती करायची आहे, आणि ही आधीपेक्षा मोठी आहे. पत्र उभ्यानं वाचत असशील तर बस.

आज रविवार, मी दुपारी घरी होते. एरवी या वेळेला मी शाळेत असते किंवा वाटेत, आणि गेल्या दोन रविवारी छतावर कुरडयांपाशी माकडं राखत बसले होते. आज ऊन सोसेना म्हणून खाली आले, तर नानांचा वैश्वदेव चालला होता. आहुती झाल्या, कावळ्याचा घास मागच्या पायरीवर गेला. मग त्यांनी केळीच्या पानाचा एक तुकडा घेतला. त्यावर भाताची लहानशी मूद, तुपाचा थेंब, आणि वर एक तळलेला सांडगा. तो घेऊन ते दारात गेले आणि वाकून बंडूपुढे ठेवला. बंडूनं आधी सांडगा उचलला. भात त्याच्या जबड्याखाली झाकून गेला. वळणावरून बघणाऱ्याला सांडग्याखेरीज काही दिसणार नाही, ताई. मला दिसलं नव्हतं.

तू घरी होतीस तेव्हा बंडूचं सगळं तूच करायचीस, नाना दारापर्यंत जात नसत. म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही की ते बळी ठेवत असतील. वैदिकाच्या घरची मुलगी, आणि श्वानबळी बघून लिहिते की कुत्र्याला टाकलं!

नानांचा नियम तुलाही पाठ आहे. बळी आपल्या पानातल्याच अन्नाचा. जे आपल्याला वाढलेलं नाही, ते दाराबाहेर ठेवायचं नाही. म्हणजे त्या दिवशी बंडूपुढे सांडगा होता, तर तो आधी नानांच्या पानात होता.

तरी खात्री करावी म्हणून मी विचारलं, ‘नाना, बंडूच्या पानावर सांडगा?’

‘मग? त्याचं वेगळं रांधायचं का?’

एवढं बोलून ते पानावर बसले. त्यांच्या वाटीत ताक होतं आणि ताकात सांडगा भिजत घातलेला. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उरलेल्या दाढाही काढाव्या लागल्या, हे मी तुला कळवलं होतं की नाही आठवत नाही. आत्या वाढता वाढता म्हणाली, ‘एकाला ताकात, एकाला वरणात. घरात दातवाल्या आम्ही दोघीच उरलो.’

‘तळतेस कधीपासून?’ मी तिला विचारलं.

‘आले त्या दिवसापासून. मला काय हौस आहे? तुझे नानाच म्हणाले, तळ. तेल किती पितात मेले सांडगे! तिला कळव, डाळ बारीक वाटायची. आणि छत पुसून घ्यायचं आधी, रेल्वेचा धूर बसलाय सगळा, कसे काळसर दिसतात.’

‘मग तू खाऊ नकोस.’

‘खाते कुठे? मीठ बघावं लागतं.’

बरणी निम्म्याच्या खाली आली आहे. मीठ बघून इतकी उतरत नाही.

नाना मान खाली घालून जेवत होते. मग म्हणाले, ‘कोहळा जून घेतलाय तिनं. चांगला घेतलाय.’ तिनं म्हणाले, ताई. तुझं नाव घेतलं नाही, ते मी पदरचं घालणार नाही. पण तू गेल्यापासून या घरात जेवताना तुझ्याबद्दल निघालेला हा पहिला शब्द. आत्या वाढायची थांबली होती. मी भात कालवत राहिले, कारण वर पाहिलं असतं तर रडले असते आणि नाना उठून गेले असते.

जेवणानंतर ते पंचांग घेऊन बसले आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, ‘यंदा श्रावण अधिक आहे.’

आत्या म्हणाली, ‘मग?’

‘मग काही नाही. आहे म्हणून सांगितलं.’

अधिकात जावयाला वाण देतात म्हणून ते म्हणाले, असं आत्याचं मत आहे. मला तसं वाटावं अशी फार इच्छा आहे, म्हणूनच मी त्यावर भरवसा ठेवत नाही. पण सांडग्याचं जे लिहिलं ते पाहिलेलं आहे, ताडलेलं नाही. त्यावर तू ठेव.

पाच जूनला तुम्ही आसनसोलला निघायच्या आत ये.

विद्यु


काशी, गुरुवार, २६ मे १९६६

ताई,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. तू लिहितेस की मी आधी एक लिहिलं, मग दुसरं, आता तिसरं, आणि तिन्ही पत्रांत नाना निराळे. जीजाजी म्हणतात की विद्युचं मन मऊ आहे, तिला जे व्हावंसं वाटतं ते ती लिहिते. तू म्हणतेस, सांडगे खाल्ले म्हणजे सांडगेच खाल्ले, माझ्या हातचा भात तर नाही खाल्ला. मुलीला उंबऱ्यावर बसवून ठेवायला मी येणार नाही.

मी हे पत्र तीनदा वाचलं. रागावले नाही. तुझ्या जागी मीही आले नसते. आणि नानांच्या त्या विस्तवाच्या वाक्याचा अर्थ तू बरोबर लावलास. जे राहिलं आहे ते तिथेच राहिलं आहे.

पत्रांनी हे व्हायचं नाही, हे मला आता कळलं. मी कितीही काटेकोर लिहिलं तरी ते माझं लिहिणं. म्हणून दुपारी नानांकडे गेले. खांबाला टेकून उभी राहिले.

‘नाना, मी मुगलसरायला ताईकडे जाऊन येते. ते लोक जायच्या आधी.’

‘ये जाऊन.’

हे इतक्या सहज म्हणाले की मी तिथून पळाले असते तरी चाललं असतं. पण मग मी अर्धवट सांगून गेले असं झालं असतं. म्हणून म्हटलं, ‘तिथे जेवेन मी.’

त्यांनी वर पाहिलं. ‘काय जेवशील?’

‘ती करेल ते. वरणभात. तिच्या चुलीवरचा.’

आत्या दारात येऊन उभी होती. ‘अगं पण ते मासे खातात ना! त्याच भांड्यात...’

‘तू थांब,’ नाना तिला म्हणाले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गल्लीतून गेलं. मी मनात ठरवलं होतं की ते नाही म्हणाले तर वाद घालायचा नाही, रडायचं नाही, आणि तरीही जायचं. हे ठरवणं मला जमेल की नाही हे मात्र माहीत नव्हतं.

‘आणि मग इथे येऊन चुलीला हात लावशील?’ त्यांनी विचारलं.

‘तुम्ही नको म्हणालात तर नाही लावणार. पण खोटं सांगणार नाही की तिथे फुटाणे खाल्ले.’

‘कोण म्हणतंय खोटं सांग?’ त्यांचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. ‘लाव चुलीला हात. प्रभावतीच्या मुगवड्या खाऊन मी कंटाळलोय.’

आत्या म्हणाली, ‘हो का! बरं झालं कळलं,’ आणि पदर खोचून आत निघून गेली. ती तांदूळ आणि मुगाची डाळ भाजायला बसली आहे. वीणाच्या खिमटासाठी भरड करून देते म्हणते, आसनसोलला पोचेपर्यंत पुरेल एवढी. जात्यावर तिची बडबड चालू आहे की रेल्वेवाल्यांच्या घरी पोराला काय घालतात देव जाणे.

मी उठले तेव्हा नानांनी मला परत बोलावलं.

‘तिला दात आले का?’

मला आधी कळेना कुणाला. मग कळलं, वीणाला. मी म्हटलं, ‘दोन आलेत, खालचे.’ तू तसं लिहिलं होतंस. आता आणखी आले असतील तर ते उत्तर चुकीचं झालं, पण ते मी तिथे येऊन मोजीन.

‘उन्हाची जाऊ नकोस,’ ते म्हणाले. ‘सकाळची पॅसेंजर धर. पुढे गंगा-दसहऱ्याच्या स्नानाची गर्दी होईल.’

तुम्हाला घेऊन ये, असं ते म्हणालेले नाहीत. आणू नकोस असंही नाही. मी पदरचं काही जोडत नाही. मी तुझ्याकडे जेवेन, परत येऊन आपल्या चुलीवर रात्रीचा भात टाकीन, आणि नाना तो खातील. निदान आज त्यांच्या तोंडून तसं आलं आहे. त्यानंतर उंबऱ्यावर कुणाला बसवायचं हा प्रश्न कुणी काढायचा म्हटलं तरी काढता येईल असं मला वाटत नाही. तुला वाटलं तर माझ्याबरोबरच निघ. नाही वाटलं तर मी वीणाला मांडीवर घेऊन बसेन आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटी परत येईन, आणि तुझ्यावर रुसणार नाही.

तुला दोनच गोष्टी सांगते. त्या दिवशी मासे करू नकोस, मला सवय नाही आणि घाबरून मी जेवणारच नाही, मग सगळंच फुकट जाईल. आणि माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस. जीजाजी जे वरण खातील तेच, त्याच पातेल्यातलं, गरम.

पत्र उद्यापर्यंत मिळेल असं धरून चालले आहे. नाही मिळालं तर मी अचानक दारात उभी राहीन, तेव्हा गोंधळू नकोस.

शनिवारी, २८ मेला, सकाळच्या पॅसेंजरनं येते.

विद्यु